चंदनाशेजारची तूर

खडवली, ३ ऑक्टोबर

सर,
जय भीम.

हे पत्र झाडासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही त्यात दुसरंच काहीतरी वाचाल. तीस वर्षं तोच धंदा केलात.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या मेघनाताई काल नर्सरीत आलेल्या. कढीपत्त्याचं रोप घेतलं, आणि जाता जाता म्हणाल्या, सरांच्या गॅलरीतलं चंदन पिवळं पडलंय. जुलैमध्ये माझ्याकडून नेलेलं, तेच. पानं गळतायत, शेंडा मान टाकून बसलाय, आणि तुम्ही म्हणे त्याला रोज सकाळी पाण्यातून दूध घालताय. दूध घालू नका. ते मांजर नाही.

आता खरं सांगा. मी रोप दिलं तेव्हा त्या पिशवीत चंदनाला लागून अजून एक बारीक रोप होतं, तीन-तीन पानांचं. त्याचं काय केलंत?

हे फोनवरही विचारलं असतं. पण ऑगस्टच्या त्या शेवटच्या शनिवारी घरी येता येता मी तुमचा 'काव्य-शनिवार' ग्रुप सोडला, आणि रागाच्या भरात नंबरही उडवून टाकला. पत्ता राहिला, कारण तो डिलिव्हरीच्या वहीत होता आणि वहीतली पानं फाडायची मला सवय नाही.

मेघनाताईंनी दुसरंही सांगितलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, सोळा नोव्हेंबरला सगळ्यांनी खाली करायची, आणि तुम्ही भाड्याचं घर बघायचं सोडून कायमचे देवगडला भावाकडे चाललात. टेम्पोपण ठरला. चांगलं आहे. समुद्र आहे, आंबे आहेत. तुम्हाला कवितेत समुद्र लागतोच.

फक्त झाड तशा अवस्थेत नेऊ नका. घाटात मरेल. बाजूचं रोप आहे की नाही, तेवढंच लिहून पाठवा. अलंकार नकोत.

रचना
(नर्सरीवाली)


खडवली, ९ ऑक्टोबर

सर,
जय भीम.

पोस्टकार्ड मिळालं. 'तण समजून उपटलं. मुळासकट. क्षमस्व.'

कॉलेजात इतकी वर्षं प्रेमकवितेतला निसर्ग शिकवलात आणि तुम्हाला तुरीचं रोप ओळखता आलं नाही. रोज वरणात खाता ना. मी एवढी हसले की बाळकुमहून आलेली माझी मृणाल आतून विचारायला लागली, आई, कोणाचं पत्र आहे? म्हटलं, एका गिऱ्हाइकाचं. ती म्हणाली, गिऱ्हाइकं पत्रं लिहितात का हल्ली? बाविसाव्या मजल्यावर राहायला लागल्यापासून पोरीला सगळंच वरून दिसतं.

तर ऐका. चंदन एकट्याच्या मुळांवर जगत नाही. ते जमिनीखालून शेजारच्या झाडाचं मूळ धरतं आणि त्यातून आपल्याला हवं ते घेतं. म्हणून नर्सरीत आम्ही त्याला एकटं कधीच वाढवत नाही, बाजूला तूर पेरतो. तुम्ही मायेने कुंडी साफ केलीत आणि त्याचा घास काढून घेतलात. तुमची चूक नाही म्हणवत नाही, पण अशी चूक कवीच करू जाणे.

आता करायचं काय, तर तुरीचे चार दाणे घ्या. डाळ नाही, अख्खे दाणे. तुम्ही डाळ पेराल म्हणून मुद्दाम लिहिते. चंदनाच्या बुंध्यापासून चार बोटं सोडून पेरा. माती ओली ठेवा, चिखल करू नका. तूर वीतभर वाढली की तिचा शेंडा खुडा, नाहीतर ती चंदनाच्या डोक्यावर सावली धरून बसते. खुडली की बाजूने फुटते, तिचं काही बिघडत नाही.

लिहिता लिहिता आठवलं, मी काही तुमच्या वर्गात कविता शिकायला आलेले नव्हते. वाचनालयाच्या कार्यक्रमाला स्टेजसाठी कुंड्या दिलेल्या, त्या परत न्यायच्या म्हणून मागच्या बाकावर बसलेले. तुम्ही सांगत होतात, चकोर पक्षी नुसतं चांदणं पिऊन जगतो. मी विचारलं, पावसाळ्यात चार महिने काय करतो मग? सगळे हसले. सगळ्यांचं हसून झालं तरी तुम्ही हसत होतात, आणि म्हणालात, पुढच्या शनिवारी या, तोवर मी चकोराला विचारून ठेवतो.

मी आले. आणि मग आठ शनिवार तुम्हाला सुखाने शिकवू दिलं नाही. तुम्ही म्हणालात, प्रेयसीचं हसू मोगऱ्यासारखं. मी सांगितलं की मोगऱ्याला फुलवायचं तर आधी पाणी तोडावं लागतं, पानं ओरबाडावी लागतात, तेव्हा कुठे तो कळ्या धरतो. अशी हसणारी बाई मी बघितलेली आहे, तिला कोणी कवितेत घेत नाही. तुम्ही म्हणालात, वेल झाडाला प्रेमाने बिलगते. वेलीला उजेड पाहिजे असतो सर, झाडाच्या जागी बांबू रोवा, ती बांबूवर चढेल. लाजाळूचं तर विचारूच नका. ती लाजत नाही, घाबरते.

तेव्हा तुम्ही फळ्यावर दोन टिंबं काढून मधे एक रेघ ओढलीत. म्हणालात, उपमेत सगळं सारखं नसतं, एकच धागा सारखा असतो. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून कोणी गालावर खड्डे शोधत नाही. त्या धाग्याला साधारण धर्म म्हणतात. कवीने कुठला धागा उचलला, त्यावर त्याचं प्रेम कळतं.

हे मला पटलं, पण कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी दुसरा प्रश्न विचारला, भुंगा इतक्या फुलांवर जातो तर त्याला प्रेमी का म्हणतात. ते तुम्हाला कळलेलं. तुम्ही खडू ठेवलात आणि माझ्याकडे बघून मान डोलवलीत.

असो. दाणे पेरले की कळवा. पत्र झाडाचंच आहे.

रचना


खडवली, १९ ऑक्टोबर

सर,
जय भीम.

तीन कोंब आले हे वाचून जीव भांड्यात पडला. चौथा दाणा उकरून बघू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

कार्डाच्या तळाशी एक ओळ बारीक अक्षरात लिहिलीत. 'त्या दिवशी माझं काय चुकलं, ते समजलं तर बरं होईल.' दोन दिवस ते कार्ड मी शेणखताच्या गोणीवर ठेवलं. येता जाता दिसत होतं. आज दुकान लवकर बंद केलंय आणि लिहायला बसलेय.

त्याच्या आधीच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर तुम्ही मला जिन्यात थांबवलंत. घाम पुसत म्हणालात, बिल्डिंग जाणार आहे, तुम्ही एकट्या, मी एकटा, आता एकत्र राहू या का. नाही म्हणालात तर मी देवगडला जातो, हो म्हणालात तर इथेच राहतो. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते.

आणि मी हो म्हणायला आलेले, सर. हे मी मृणाललापण सांगितलेलं नाही. मोरपंखी साडी नेसलेले. नखं ब्रशने घासून घासून साफ केलेली, कारण तुमच्या वर्गातल्या बायकांची नखं कशी असतात ते मी बघितलेलं.

शेवटचा वर्ग, प्रत्येकाने स्वतःचं काहीतरी वाचायचं. तुम्ही उभे राहिलात आणि मागच्या बाकाकडे बघून वाचलंत, 'तू चंदनाचं झाड, झिजलीस अन् दरवळलीस.' सगळ्यांनी वा वा केलं. एरवी रचनाताई, तुम्ही, आपण, आणि कवितेत एकदम तू, म्हणून शेजारी बसलेल्या मेघनाताईंनी मला कोपरखळीसुद्धा मारली. मी उठले आणि म्हटलं, चंदन परजीवी असतं सर, दुसऱ्याच्या मुळातलं ओढून जगतं, नर्सरीत या, दाखवते. सगळा वर्ग हसला. मी चपला घालून निघून आले.

सांगितलं ते खोटं नव्हतं. पण त्यासाठी मी उठलेले नव्हते.

माझी सासू अकरा वर्षं अंथरुणावर होती. आंबिवलीच्या चाळीत दोन खोल्या. तिचं सगळं करायचं आणि दुपारी लोकांच्या बागा सांभाळायला जायचं. येणारा जाणारा म्हणायचा, रचना म्हणजे चंदन आहे, झिजते बिचारी. म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. आज तू झोप, मी बसते, असं एकीच्याही तोंडून आलं नाही. सासू गेली, दोन वर्षांत नवरा आजारी पडला, तो जाईपर्यंत परत तेच चंदन. एकदा का बाईला चंदन म्हटलं की लोक उगाळायला मोकळे होतात. तो शब्द ऐकला की अजून माझ्या पाठीत कळ येते. आणि सत्तावन्नाव्या वर्षी एक माणूस मला पहिल्यांदा विचारतो की तुम्हाला काय पाहिजे, आणि आठ दिवसांनी तोपण तेच चंदन घेऊन येतो. मला वाटलं, यांच्या घरीपण सहाण तयार दिसते.

राग आला, पण रडू त्याहून जास्त येत होतं. वर्गात रडण्यापेक्षा झाडाची माहिती सांगितलेली बरी, असं वाटलं.

लोक हसले ते मात्र वाईट झालं. चपला घालताना दारातून दिसलं, तुम्ही त्या कागदाची घडी घातलीत, मग तिची घडी, मग तिचीही घडी, आणि तो टेबलावरच ठेवलात. ती घडी मला अजून दिसते. मला माफ करा. हे झाडाबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

तो कागद मेघनाताईंनी उचलला आणि मला आणून दिला. चंदनाचं कडवं मी कात्रीने छाटून टाकलं. बाकीचं कपाटात आहे. त्यात खाली एक कडवं होतं, ते वाचायच्या आधीच मी वर्गातून उठले:

तुझ्या नखांतली माती माझ्या वहीत सांडली,
त्या पानावर आता मी काही लिहीत नाही.

यात फूल नाही, चंद्र नाही, एकही पक्षी नाही. तिसऱ्या शनिवारी मी तुमची वही बघायला घेतली तेव्हा खरंच माती सांडलेली, आणि तुम्ही ती झटकली नव्हतीत. मी बघत होते.

हे कडवं आधी वाचायला काय झालेलं तुम्हाला?

रचना


खडवली, २ नोव्हेंबर

सर,
जय भीम.

पंधरा दिवस झाले. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणतो.

परवा डोंबिवलीला आलेले. कुंड्यांची ऑर्डर होती असं लिहिणार होते, पण कागद वाया जाईल. तुमच्याकडेच आलेले. मेघनाताईंच्या दारात उभी होते तेव्हा वरून आवाज आला, खोक्याला चिकटपट्टी लावताना येतो तसा, टर्र करून. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टर्र. तुम्ही पुस्तकं भरत होतात.

मेघनाताई म्हणाल्या, जा ना वर, चौदा पायऱ्या आहेत. म्हटलं, गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मी मातीची पंचवीस किलोची गोणी एकटी उचलते. पण त्या चौदा पायऱ्या काही चढवल्या नाहीत. दुसऱ्या बायका दिवाळीनंतर चकल्या देतात, मी तुमच्यासाठी त्यांच्याकडे निंबोळी पेंडेची पुडी ठेवून आले. चमचाभरच घाला.

मी माझ्याकडून सगळा विचार केलाय. तुमचा भाऊ काय म्हणेल, माझे भाऊ काय म्हणतील, वस्तीतल्या बायका विहारात काय कुजबुजतील. सगळ्यांना बोलायला दोन महिने लागतील, मग दुसरं कोणीतरी सापडेल त्यांना. मृणालला सांगितलं. ती म्हणाली, आई, ते जेवण करतात का? म्हटलं, विचारलं नाही. म्हणाली, तेच आधी विचार, चकोराचं नंतर.

तर तेवढं कळवा.

आणि सोळाला जायचंच असेल तर जा, तुम्हाला धरून ठेवायला मी काही वेल नाही. पण न सांगता जाऊ नका. मी एवढं सगळं लिहिलं आणि समोरून नुसती चिकटपट्टी ऐकू आली, हे मला सहन होत नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. लिहून टाकलं.

रचना


डोंबिवली पूर्व, ५ नोव्हेंबर

रचनाताई,
(हे 'ताई' शेवटचं.)
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. नऊ पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात तिसऱ्या ओळीला समुद्र येत होता. म्हणून हे थोडक्यात.

अकरा वर्षांचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी बहुधा तेच लिहिलं असतं, आणि मोठं कौतुक केलं असं समजलो असतो. तो शब्द मी तुमच्याकडे बघून उचलला नव्हता, पुस्तकांतून उचलला होता. तुमच्याकडे बघून लिहिलेलं एकच कडवं होतं. ते तुम्ही ठेवलंत. मला क्षमा करा.

चंदनाला सहा नवी पानं आली आहेत. तूर वीतभर झाली. काल तिचा शेंडा खुडला.

मुलांना मी सांगत आलो की उपमा फसली तर लगेच दुसरं फूल शोधायला धावू नका, आधी धागा तपासा. स्वतःचा तपासला नाही. आता तपासला आहे. चंदन तेच ठेवतो, धागा बदलतो. चंदन झिजतं म्हणून नव्हे. त्याला शेजार लागतो म्हणून.

त्या शेजारच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. तूर दिसायला विशेष नसते, तसा मीही नाही. पण वरणाच्या उपयोगी आहे. उंची वाढून तुमच्यावर सावली पडू लागली तर बेलाशक छाटावं. तक्रार करणार नाही, बाजूने फुटेन.

वरण-भात, पिठलं, बांगड्याचं तिखलं आणि चहा येतो. पोळ्या गोल होत नाहीत.

खोकी भरली कारण बिल्डिंग सोडायचीच आहे. खोक्यांवर अजून पत्ता लिहिलेला नाही.

सुदेश


खडवली, ९ नोव्हेंबर

सुदेश,

आधी 'सर' लिहून खोडलंय, दिसेल तुम्हाला. सवय जायला वेळ लागेल. आणि कवितेतलं 'तू' अजून थोडे दिवस कवितेतच असू दे, मला लाज वाटते. लाजच, भीती नाही.

पत्र आलं तेव्हा दुकानात एक बाई उभ्या होत्या. त्यांनी जास्वंद मागितली, मी शेवंती दिली. अर्ध्या वाटेतून परत आल्या बिचाऱ्या. मृणालला फोनवर वाचून दाखवलं. बांगड्याच्या तिखल्यापर्यंत आले तेव्हा म्हणाली, पास.

पण अर्जात एक चूक आहे, ती सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. तूर वर्ष-दोन वर्षांचं झाड. मग ते वाळतं. चंदन पन्नास वर्षं जगतं. मला या वयात दीड वर्षाचं काही नकोय. म्हणून आम्ही काय करतो, कुंडीत असेपर्यंत तूर ठेवतो, आणि चंदन जमिनीत लावलं की त्याच्या शेजारी करंज लावतो. करंज एकदा लागला की हलत नाही. तेव्हा तूर म्हणून या, राहताना करंज म्हणून राहा.

कुंडीत नाहीतरी चंदनाला फार दिवस ठेवता येत नाही. मुळं आतल्या आत गोल गोल फिरत बसतात. त्याला जमीन लागते. जमीन माझ्याकडे आहे, अकरा गुंठे, भातसा नदीच्या अंगाला. काल दोन खड्डे खणले, एकमेकांपासून पाच हातांवर. मजूर लावला नाही, स्वतः खणले.

आणि धाग्याचं म्हणाल, तर त्या शनिवारी मी अर्धंच सांगितलेलं. चंदन दुसऱ्याच्या मुळातलं घेतं हे खरं आहे. पण माझ्या नर्सरीत त्याने कधी शेजारचं झाड मारलेलं मी बघितलं नाही. दोघं हिरवी राहतात. हे मला त्या दिवशीपण माहीत होतं. रागात खाऊन टाकलं.

पुढची खोली कोरडी आहे, पुस्तकं तिथे मावतील. समुद्र नाही, नदी आहे, तिसऱ्या ओळीला तीच घ्या. भावाला सांगायला जड जात असेल तर मला नंबर द्या, मी बोलते. माणसं कशी पटवायची ते मला येतं, रोज गिऱ्हाइकांना कडुनिंबाचा रस विकते. पोळ्या गोल मी करीन. चहा सकाळचा तुमच्याकडे, मला अंथरुणात कोणी कधी चहा आणून दिलेला नाही आणि मला तो पाहिजे.

टेम्पो रद्द करू नका. तारीखपण तीच असू दे, सोळा. ड्रायव्हरला पत्ता तेवढा बदलून सांगा: खडवली, फाटकावरून डावीकडे, विहाराच्या पुढे, रोपांच्या हिरव्या जाळीपाशी. बाकीचं सामान मागे कसंही टाका, कुंडी मांडीवर घेऊन बसा. तूर मोडू देऊ नका.

मी दारात उभी असेन. मोरपंखी साडीच नेसणार आहे. नखं मात्र या वेळी साफ करणार नाही.

रचना